अर्ध्या डिग्रीची ऊब

‘वांझ’ हा शब्द ज्या कुणी पहिल्यांदा बाईच्या कपाळी चिकटवला, त्यानं आधी स्वतःची तपासणी करून घेतली नव्हती, एवढं मी पैजेवर सांगते. त्याचं नाव मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर त्याचा केसपेपर काढून बाहेरच्या बाकावर बसवलं असतं आणि मुद्दाम सगळ्यात शेवटी आत घेतलं असतं.

असा राग आला की पूर्वी मी भाषण करायचे. आता किस्से सांगते. बी.एस्सी. होऊन सांगलीत डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात लॅबमध्ये लागले, त्याला दोन वर्षं झाली. ‘मूल होत नाही’ म्हणून येणाऱ्या बायकांचा आमच्याकडे बुधवार असतो. दर बुधवारी एखादा थर्मामीटर फुटतो आणि दोन-तीन किस्से वाढतात. थर्मामीटर नवा मागवता येतो, किस्से मात्र कुणाच्या तरी कानात ओतल्याशिवाय कमी होत नाहीत. आजचे सगळे एकाच सुनेचे आहेत. तिचं नाव कमल म्हणू या.

*

कराडच्या अलीकडच्या एका गावातून कमल आली ती सासूबरोबर. लग्नाला सहा वर्षं झालेली. नवरा शिवराम पलटणीत, वर्षातून एकदा दोन महिन्यांच्या रजेवर येणारा. एकाहत्तरच्या लढाईत ती रजाही बुडाली होती.

सासूचं नाव हौसाबाई. उंच, काळ्यासावळ्या, आवाज मळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा. मी सुनेला प्रश्न विचारायचे आणि उत्तर सासूकडून यायचं. शेवटी डॉक्टरबाईंनी विचारलं, घाई कसली आहे? तर हौसाबाईंनी सुनेसमोरच सांगून टाकलं.

“पोरगी गुणाची हाय, तिच्याबद्दल तक्रार न्हाई. पर घराला दिवा पायजे. येत्या आखितीपातुर वाट बघणार. मग भावाची लेक आणणार. हिला बी टाकणार न्हाई, दोघी नांदतील भनी-भनीवानी.”

कमल पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी उठून दुसऱ्या लग्नाचा कायदा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखालून डॉक्टरबाईंची चप्पल माझ्या पायावर पडली.

सासू-सून बाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या, “कायदा सांगितलास तर पुढच्या बुधवारी ती सुनेला आणायची नाही. मग तुझा कायदा घेऊन मी काय करू?”

आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अकरा महिने होते.

*

प्रोजेस्टेरॉन म्हणजे काय, हे बायकांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजायची सोय आमच्याकडे नाही, थर्मामीटर आहे. बीज सुटलं की बाईच्या शरीरात हा रस तयार होतो आणि त्यानं अंग अर्धा-एक डिग्री गरम राहतं. मूल राहिलं नाही तर बारा-चौदा दिवसांनी रस आटतो, पारा खाली येतो आणि पाळी येते. मूल राहिलं तर पारा खाली येतच नाही. म्हणून रोज सकाळी अंथरुणातच तापमान घ्यायचं आणि कागदावर टिंब द्यायचं. गोष्ट एवढीच आहे.

पण मी ती एवढीच सांगितली नाही. फळ्यावर अंडाशय काढलं, मेंदू काढला, बाण काढले, लॅटिन नावं लिहिली. चाळीस मिनिटं बोलले. समोरच्या बायका देवळात कीर्तन ऐकावं तशा ऐकत होत्या. त्यातल्या एकीनं तर शेवटी हात जोडले.

मागच्या बाकावरून हौसाबाई म्हणाल्या, “म्हंजी कोंबडी खुडूक बसती तसं. अंड्यावर बसल्याली आसंल तवा तिच्या पोटाखाली हात घालून बगा, चूल पेटल्यावानी लागतंय. बसायची न्हाई तवा गार.”

सगळ्या बायका एकदम हलल्या. व्हय, व्हय, तसंच, असं एकमेकींना सांगू लागल्या. डॉक्टरबाईंनी मला फळा पुसायला सांगितला. तेव्हापासून आमच्या दवाखान्यात प्रोजेस्टेरॉनचं व्याख्यान दोन मिनिटांचं असतं, आणि ते कोंबडीपासून सुरू होतं.

*

महिन्यानं कमल पहिला कागद घेऊन आली. तीस दिवस, तीस टिंबं, सगळी अठ्ठ्याण्णव पॉइंट चारवर. पट्टीनं मारावी तशी सरळ रेघ.

चढ नाही म्हणजे रस नाही, रस नाही म्हणजे बीजच सुटत नाही. माझं निदान तयार होतं. धावत डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी कागद पाहिला, कमलकडे पाहिलं आणि थर्मामीटर मागितला. पारा अजून अठ्ठ्याण्णव पॉइंट चारवरच उभा होता.

“झटकत नाहीस का गं?”

“काचंचं हाय न्हवं, बाई. मोडल म्हणून जपून ठिवलं. तोंडात घालायचं, बघायचं, परत कापसात.”

पहिल्या दिवशी चढलेला पारा बिचारा महिनाभर तसाच तिष्ठत होता. चाळीस मिनिटांच्या व्याख्यानात मेंदूपासून सगळं आलं होतं. थर्मामीटर रोज झटकून पारा खाली आणायचा, हे सांगायचं राहिलं होतं.

डॉक्टरबाईंनी पारा झटकून दाखवला. त्यांनी कमलच्या हातात थर्मामीटर दिला आणि मला म्हणाल्या, “तू बघ. ती शिकेल, तूही शीक.”

*

दुसऱ्या महिन्याच्या कागदावर चढउतार होते, पण चार ठिकाणी पारा एकशे एकवर गेलेला. मी हिवतापाची स्लाइड काढायला बोट टोचणार, तर कमल खाली मान घालून हसायला लागली.

झालं होतं असं. उठायच्या आधी पाच मिनिटं पाऱ्याची कांडी तोंडात धरून पडून राहायचं, असा आमचा हुकूम. आजवर चारला उठून झाडलोट करणारी सून अंथरुणात पडलेली, ही त्या घरात नवलाची गोष्ट होती. शेजारणी बघून जायच्या. कुणी काही बोललं की हौसाबाई दारातूनच वाटेला लावायच्या. धार त्या स्वतः काढू लागल्या. चार दिवस पावसाचा गारठा जास्त होता, तेव्हा सून गारठली असेल म्हणून त्यांनी आधी कपभर गरम चहा पाजला आणि मग कांडी तोंडात दिली.

“आत्याबाईंनी सहा वर्सांत पैल्यांदा मला च्या करून दिला,” कमल म्हणाली. “न्हाई कसं म्हणू?”

ती चार टिंबं डॉक्टरबाईंनी खोडली नाहीत. नुसता त्यांच्याभोवती गोल केला.

*

तिसऱ्या महिन्यापासून कागद बरोबर येऊ लागले. पंधरा दिवस पारा सत्त्याण्णवच्या घरात, सोळाव्या दिवशी अठ्ठ्याण्णवच्या वर, तिथं तेरा दिवस मुक्काम, मग खाली आणि पाळी. काहींचा रस आठ-नऊ दिवसांतच आटतो, त्यांना डॉक्टरबाई इंजेक्शन देतात. कमलला त्याची गरज नव्हती. तिच्यात काही खोट नव्हती.

मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरबाईंना न विचारताच सांगून टाकलं, यंदा शिवराम रजेवर आला की पारा चढायची वाट बघायची, आणि चढला की तोच दिवस धरायचा.

कमल गेल्यावर मी हे शौर्य डॉक्टरबाईंना ऐकवलं. त्यांनी चष्मा काढला.

“पारा चढला म्हणजे बीज सुटून गेलं. एस.टी. सुटल्यावर स्टँडवर जाऊन कुणाला हात करायचा? चढायच्या आधीचे चार-पाच दिवस कामाचे. मागचे कागद बघून ते आधीच ओळखायचे. म्हणून तर इतके महिने टिंबं द्यायला लावली.”

त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी पहिल्या गाडीनं कमलच्या गावी जाऊन चूक दुरुस्त करून आले. हौसाबाईंनी मला भाकरी वाढली आणि म्हणाल्या, “आवं, एवढं रडवेलं तोंड कशापायी? पेरणी झाल्यावर पाऊस सांगणारा जोशी आमच्या गावात बी हाय.”

*

माघात शिवराम रजेवर आला. डॉक्टरबाईंनी त्याचीही तपासणी सांगितली. तो ताठ उभा राहिला, खिशातून पलटणीचं वैद्यकीय कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“बाई, मी ए-वन फिट हाय. सरकारचा शिक्का हाय.”

डॉक्टरबाईंनी कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. “पलटणीनं तुझी छाती मोजलीय, बाबा. नजर तपासलीय, पायाचे तळवे तपासलेत. आता जे राहिलं ते आम्ही बघतो.”

शिवरामनं आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता हौसाबाई लेकाची बाजू घेणार. पण त्यांनी टेबलावरची नमुन्याची बाटली उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “कमलीनं साताठ म्हैनं पाऱ्याची कांडी तोंडात धरली. तुला एक दिस जड झाला व्हय रं?”

स्लाइड मीच पाहिली. त्याच्यातही काही खोट नव्हती.

*

मग अडलंय कुठं? कमल सांगेना. हौसाबाईंना चहाच्या निमित्तानं बाहेर पाठवल्यावर डॉक्टरबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून कमलच्या कागदाशेजारी ठेवलं आणि तिला उपासाचे दिवस विचारले.

सोमवार. गुरुवार. मंगळवार देवीचा. दोन एकादश्या, संकष्टी, पुनव, अवस. मूल होत नाही म्हणून दर वर्षी एक उपास वाढत गेलेला. आणि उपास असला की आदल्या रात्रीपासूनच नवरा-बायकोनं दूर राहायचं, हा घरचा नेम. शिवाय शिवराम रजेवर आला की कुलदैवताला जाऊन येईपर्यंत तेच पाळायचं.

डॉक्टरबाई लाल पेन्सिलीनं एकेक दिवस खोडत गेल्या. पारा चढायच्या आधीचे पाच दिवस होते. त्यातला एकही उरला नाही. मागच्या रजेचे महिने काढून पाहिले, तिथंही तेच.

मी पुन्हा भाषणाच्या तयारीत होते. अंधश्रद्धा हा शब्द ओठावर आला होता. डॉक्टरबाईंनी हौसाबाईंना आत बोलावलं आणि नुसता तो लाल कागद त्यांच्यापुढे धरला, काय काय खोडलंय ते सांगितलं.

हौसाबाईंनी कागद हातात घेऊन एकेका रेघेवरून बोट फिरवलं. अक्षर येत नसलं तरी लाल रंग दिसत होता. मग त्या सुनेकडे वळल्या, पण बोलल्या डॉक्टरबाईंशी.

“उपास आजपासनं सगळं माझं. नवस मी बोलल्याला हाय, देव माझ्या तोंडाकडं बघंल. तिनं पोटभर जेवावं.”

पदर खोचत म्हणाल्या, “आणि मी म्हैनाभर लेकीकडं जाऊन येती.”

*

शिवराम रजा संपवून गेला, त्याच्या आधीच कमलचा पारा चढला होता. आता तेरा दिवस. आखिती त्यापुढे दहा दिवसांवर होती. हौसाबाईंचा भाऊ आखितीला मुलगी घेऊन येणार, हे ठरलेलं होतं आणि अजून कुणी ते मोडलेलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, कागद महिनाअखेरीस आण. माझ्यानं तेवढं थांबवेना. मी माझा दवाखान्याचा पत्ता लिहून पोस्टकार्डांचा गठ्ठा कमलला आधीच दिला होता, आणि पारा चढल्या दिवसापासून रोज फक्त आकडा लिहून टाकायला सांगितलं होतं. ती चौथी शिकलेली, आकडे ठसठशीत काढायची. मजकूर नाही, सही नाही. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. सकाळचं कार्ड एस.टी.च्या टपालानं त्याच संध्याकाळी पोचायचं.

तेराव्या दिवसाचं कार्ड आलं, अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. चौदाव्याचं आलं, पॉइंट चार. मी ते डॉक्टरबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, एका दिवसानं काही ठरत नाही, अठरा दिवस जाऊ देत.

आणि कार्डं बंद झाली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पारा खाली आला असणार, पाळी आली असणार आणि ती आता काय लिहिणार, असं मनाशी म्हणत चौथ्या दिवशी मी रजेचा अर्ज टेबलावर टाकून एस.टी.त बसले.

गावच्या फाट्यावर उतरले, तर समोरून सायकल ढकलत पोस्टमन येत होता. त्यानं मला न्याहाळलं, दवाखान्याचं नाव घेऊन मीच का त्या, असं विचारलं, आणि व्हय म्हटल्यावर एकदम ओशाळला. पिशवीत हात घालून त्यानं चार कार्डं काढली. कोपरे मळलेले, एकावर चहाचा डाग. गावभर फिरून आलेली दिसत होती.

मी ती हिसकावून घेतली. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. पॉइंट चार. पॉइंट चार. पॉइंट सहा. शेवटचं कार्ड आज सकाळचं होतं. मी रस्त्यातच बोटं मोजली आणि तिथल्या दगडावर बसले.

तो सायकल स्टँडवर लावून जवळ आला आणि इकडंतिकडं बघत हळू आवाजात बोलू लागला. रोज सांगलीला नुसता आकडा जातोय, खाली ना नाव ना मजकूर, म्हणून गावातल्या पोरांनी तो मटक्याचा धरला होता. आधी कार्ड बघायचे, मग ते पुढं जायचं.

“बाई, रागावू नका,” तो म्हणाला. “पर अठरा दिस झालं, अठ्ठ्याण्णव जागचं हालंना. सत्त्याण्णव कवा येतंय तेवढं खरं सांगा, आक्ख्या गावानं त्येच्यावर लावलंय.”