दस्तीखालचा खुनी

"तोंडाचं काय खरं हाय? हात आण."

मामा असं म्हणायचे आणि खांद्यावरची दस्ती काढून समोरच्याच्या हातावर टाकायचे. दस्ती म्हणजे आपला पंचाच हो, पण आमच्या देवणीकडे तिला दस्ती म्हणतात. तिच्याखाली मामा समोरच्याची बोटं दाबायचे आणि जनावराचा भाव ठरायचा. भोवती चार माणसं डोळे फाडून उभी असली तरी कुणाला काही कळायचं नाही.

मामा बैलबाजारातले दलाल, सगळ्या गावाचेच मामा. विकणाऱ्यानं सांगितलेला आकडा त्यांनी कधी बाहेर फुटू दिला नाही, आणि खोटं बोट कधी दाबलं नाही. मामांचं बोट म्हणजे स्टँप पेपर, असं लोक म्हणायचे. शेत नाही, दुकान नाही, त्यांच्याकडे होतं ते एवढंच. मामा आता नाहीत. आणि त्यांचं हे एवढंसं नाव बुडवायला निघालेला नालायक माणूस म्हणजे मी. म्हणून तर लिहायला बसलोय.

माझी एका पडद्याची टॉकीज आहे. लोक मोबाइलवर पिक्चर बघू लागले तशी माझ्या खुर्च्यांवर कबुतरं बसू लागली. जो भेटेल तो म्हणायचा, "शेट, मंगल कार्यालय करा." अशात एक खुनाचा पिक्चर आला. एका बंगल्यात बाईचा खून होतो आणि संशय चौघांवर: नवरा, डॉक्टर, शेजारी आणि स्वयंपाकीणबाई. शेवटी असं काही निघतं, की माणूस खुर्चीत उठून बसतो. पोस्टरवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'शेवट कुणालाही सांगू नका.'

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे असं लिहितात का? 'इथे थुंकू नका' लिहिल्यावर भिंतीचं काय होतं ते आपण बघतोच.

पहिल्या दिवशी बाराच्या शोला मामा आले. बाहेर पडले तेव्हा समोरच्या चहाच्या हॉटेलात दहाबारा जण टपूनच होते. मामांना पिक्चरचा नाद, आणि खोटं बोलायचे नाहीत. म्हणजे फुकटात शेवट कळणार आणि तिकीट वाचणार.

"मामा, कोण हाय खुनी?"

"तोंडानं सांगू नका म्हणून लिव्हलंय. हात आण."

मी गल्ल्यावरून पाहिलं. मामांनी तिथल्या तिथं हिशोब लावला होता. एक बोट म्हणजे नवरा, दोन म्हणजे डॉक्टर, तीन म्हणजे शेजारी, चार म्हणजे स्वयंपाकीणबाई. तिघांना सांगूनही झालं होतं. चौथ्याच्या हातावर दस्ती पडायच्या आत मी धावत जाऊन मामांना ओढून केबिनमध्ये आणलं.

"मामा, मारता काय मला? हा पिक्चर तीन आठवडे चालला नाही तर टॉकीजला कुलूप लागेल."

"मंग मी काय करू? इचारलं तर सांगावं लागतंय."

"दुसरं बोट दाबा की."

मामा दस्ती खांद्यावर ओढून म्हणाले, "शेट, या दस्तीखाली खोटं बोट न्हाई दाबलं कधी."

मी हात जोडले. ऑपरेटर, डोअरकीपर, तिकिटवाला, सगळ्यांची लेकरंबाळं पुढे केली. ऑपरेटरचं तर तेव्हा लग्नही व्हायचं होतं. मामांनी अख्खा चहा संपेपर्यंत विचार केला.

"पिक्चर बी खोटाच असतोय ना?"

"अगदी खोटा."

"मंग खोट्याबद्दल खोटं दाबतो. जनावराबद्दल न्हाई. आन ही गोष्ट तुमच्या माझ्यात."

दुसऱ्या दिवसापासून मामा हॉटेलात बसले आणि ज्याच्या मनात जे असेल ते बोट दाबू लागले. डॉक्टरवर राग असलेल्याला डॉक्टर दिला. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण असलेल्याला शेजारी दिला. सासू-सुना जोडीनं आल्या, त्यांना दोघींना वेगवेगळा खुनी दिला. गावात चार खुनी मोकळे फिरू लागले. कुणी मोबाइलवर खरा शेवट टाकला तरी त्याला विचारायचे, "तुला मामापेक्षा जास्ती कळतंय का?"

मला वाटलं होतं, पिक्चर बघितल्यावर तरी लोकांना खरं कळेल. कशाचं काय! लोकांचा पडद्यापेक्षा मामांच्या बोटावर जास्त विश्वास. दोन बोटंवाले एक गुरुजी शो सुटल्यावर माझ्याकडे आले आणि शांतपणे म्हणाले, "पोलिसांनी चुकीचा माणूस धरलाय." चार बोटंवाली एक बाई म्हणाली, "त्या स्वयंपाकिणीनं भाजी फोडणीला टाकताना मागं वळून बघितलं न्हाई, तवाच मी वळखलं." एक वकीलसाहेब सलग तीन दिवस येऊन वहीत टिपणं काढत बसले. शेजारी कसा सुटला, याच्यावर त्यांनी मला दोन पानी अर्ज दिला. मी पोचपावती दिली.

मग अशी बातमी उठली, की आमच्या टॉकीजला शेवट चुकीचा आलाय, लातूरला खरा लावलाय. गाडी करून सातजण लातूरला गेले. संध्याकाळी परत आले ते तोंडं पाडून. "तिथं बी तोच चुकीचा लावून राहिले," म्हणाले. चौकशी उदगीरपर्यंत पोचली. माझ्या खुर्च्या भरल्या, कबुतरं उडाली. तुम्ही ओळखलं असेलच, तीन आठवडे मी फार मजेत होतो.

हॉटेलवाल्यानं बाजारातली गोष्ट सांगितली तेव्हा ती मजा उतरली.

बाजारात एका शेतकऱ्याची बैलजोडी विकायला होती. मामांनी दस्ती टाकली, त्यानं हात दिला आणि लगेच काढून घेतला.

"मामा, तुमी मला डॉक्टर सांगितला व्हता."

"ते पिक्चरचं व्हतं, बाबा."

"बोट तर हेच व्हतं का न्हाई?"

मामांनी दस्ती परत खांद्यावर टाकली. त्या दिवशी दुसऱ्या कुणी हात दिला नाही. पुढच्या बाजारालाही नाही. मामा बाजारातल्या कडुलिंबाखाली दस्तीची घडी मांडीवर घेऊन दिवसभर बसून होते, आणि त्यांच्यासमोर लोक उघड उघड तोंडानं भाव करत होते. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर पिक्चर त्याच दिवशी बसला असता, हे त्यांना कळत होतं. माझ्या चार खुर्च्यांसाठी मी त्या माणसाचं आयुष्यभराचं इमान मोडून खाल्लं होतं.

पिक्चर उतरला त्याच आठवड्यात मी बाजारात गेलो. पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर चढलो आणि ओरडून सांगितलं, की मामांना खोटं मी बोलायला लावलं. खुन्याचं नावही घेऊन टाकलं. शंभरेक माणसं असतील. सगळी हसली.

"शेट, तुमी पिक्चरवाले. तुमचं कोण खरं धरतंय?" एकजण म्हणाला. गुरुजीही बाजारात आलेले होते. ते म्हणाले, "डॉक्टरच आहे हो," आणि निघून गेले.

मामांनी मला खाली उतरवलं. "कशाला बोंबलून राहिले शेट? बोट तुमी दाबलं का मी दाबलं?"

"मामा, माझ्यामुळं झालं."

"हात माझा व्हता." एवढंच बोलले आणि जाऊन लिंबाखाली बसले.

मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "मी गोऱ्हा घेणार आहे." तिनं विचारलं, "बांधणार कुठं? बाल्कनीत?" मला जनावरातलं ओ की ठो कळत नाही. गोऱ्ह्याचे दात बघायचे म्हणतात, मी तर अजून स्वतःचेही नीट दाखवलेले नाहीत. पण दुसरं काही सुचेना.

पुढच्या बाजारी त्याच शेतकऱ्याकडे आमच्या देवणी जातीचा एक काळाबांडा, म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा गोऱ्हा होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हा मला पाहिजे. पण सौदा मामांच्या हातानं."

बाजार गोळा झाला. पिक्चरवाला बैल घेणार म्हटल्यावर चहावालेसुद्धा किटल्या घेऊन आले. मामा लिंबाखालून उठायला तयार नव्हते. मी जाऊन त्यांच्यापुढे हात धरला.

"शेट, फसवून घेशाल."

"घेईन."

मामा उठले. त्यांनी घडी उलगडली आणि माझ्या हातावर दस्ती टाकली. लोक पुढे सरकले. दस्ती हलत होती, म्हणून सगळ्यांना वाटलं आकडा चाललाय. आकडा नव्हता. मामांनी एकही बोट दाबलं नाही. माझा हात नुसता घट्ट धरून हलवत राहिले. तोंड मात्र गोऱ्ह्याच्या शिंगांकडे, भाव करतात तसं, अगदी करारी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. भाव फार चढलाय असं लोकांना वाटलं असणार.

मग मामांनी माझा हात सोडला आणि दस्ती तशीच हवेत धरून त्या शेतकऱ्याकडे वळले. शेतकऱ्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा गोऱ्ह्याकडे बघितलं. मग त्यानं हात धोतराला पुसला आणि दस्तीखाली घातला.