एका वेळी एकच घर

दिवेलागणीला मनोहरभाऊ ओट्यावर येऊन गल्लीभर ऐकू जाईल असं विचारायचे, "कोन पाहून राह्यलं?" कुठूनतरी उत्तर यायचं, "आम्ही, भाऊ. ताईचं लग्न." "पाहा मंग. बाकीचे थांबा." बोरी अरबच्या आमच्या गल्लीत नवा पाहुणा आला की त्याला हा माणूस जरा सरकलेला वाटायचा. सुरुवातीला आम्हालाही वाटला होता.

भाऊ लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे. आसपासच्या सगळ्या वराती त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलेल्या. पुढे कापसाचे दिवस फिरले. लोक चार माणसांत हार घालून लग्न उरकू लागले, तिथे व्हिडिओ कोण सांगणार? दुकानाचं शटर पडलं. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. भाऊंनी साऱ्या जुन्या कॅसेटी एका कॉम्प्युटरवर चढवल्या, छपरावर वायफायचा डबा बांधला आणि जाहीर केलं, आपापलं लग्न मोबाइलवर पाहा, फुकट. 'माहा सर्व्हर' हे शब्द ते घरच्या बैलाचं कौतुक सांगावं तसे उच्चारायचे.

अट एकच. एका वेळी एकाच घरानं पाहायचं. दुसऱ्यानं लावलं की त्याच्या मोबाइलवर नुसतं गोल फिरत राहायचं. "मशीन म्हातारी हाये बाप्पा, तिच्या मांगं कायले लागता? शेजाऱ्याले इचारा, त्याचं झालं का." मग भिंतीवरून विचारणा सुरू. "झालं का वहिनी?" "थांबा, पंगती राह्यल्या." मला हा प्रकार मनापासून आवडायचा.

अडचण होती सुधाकर आणि गजानन या सख्ख्या भावांची. शेताच्या वाटणीवरून त्यांचं बोलणं तुटलं होतं. शेजारी राहूनही एकमेकांच्या दारात पाऊल नाही. त्यांची माय गेली तेव्हाही दोघं दोन टोकांना उभे होते. ती हलती-बोलती उरली होती फक्त गजाननच्या लग्नाच्या व्हिडिओत, हळदीची गाणी म्हणताना. वर्षश्राद्धाच्या दिवशी गजाननने तो लावला, आणि सुधाकरच्या मोबाइलवर गोल फिरू लागलं. तो तणतणत भाऊंकडे आला. मी तिथेच चहा पीत होतो.

"मले पेनड्राइव्हमंदी येगळं टाकून द्या."

"नाही देत."

"काहून?"

"माय काय वावर हाये, वाटून द्याले? गजाननकडं चालू हाये. जाय, तिथं बस."

सुधाकर शिव्या हासडत निघून गेला. भाऊंनी कप खाली ठेवला. "जास्त बोललो काय रे मी?" त्यांनी मला विचारलं. बऱ्याच वेळानं गजाननच्या घरातून मायचं गाणं ऐकू आलं आणि पाठोपाठ सुधाकरचा आवाज, "जरासं मांगं घे ना. पुन्हा पाहू." भाऊंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

पुढे भाऊ झोपेतच गेले. गल्ली पोरकी झाली. त्यांची मुलगी वणीहून आली होती. तेरावं झाल्यावर ती कॉम्प्युटर उघडून बसली आणि मला म्हणाली, "काका, मशीनला काहीच झालेलं नाही. दहा घरांना सहज पुरेल. एका वेळी एकच घर, हे बाबांनीच करून ठेवलंय. काढून टाकू?"

सतरंजीवर सुधाकर आणि गजानन शेजारी बसले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"राहू दे व पोरी," सुधाकर म्हणाला. "इचारत जाऊ आमी."