आवश्यक ती कार्यवाही

वसतिगृहाची पाण्याची मोटार बघणाऱ्या मामांना विजेचा झटका बसला, त्याचा अहवाल मी तीनदा लिहिला. पहिला चॅटबॉटने लिहिला, असं म्हणणं जास्त खरं होईल. चूक कोणाची ते या अहवालावरून ठरणार होतं, आणि मामांचा अकरा महिन्यांचा करार वाढणार की नाही तेही. करार त्याच महिन्याच्या अखेरीला संपत होता.

हे वसतिगृह पाटोद्याच्या बाहेर आहे, मुलींचं. त्याची देखभाल माझ्याकडे आहे. माझा हुद्दा 'इस्टेट विभाग प्रमुख' असा आहे आणि विभागात मी एकटीच आहे. दीडशे मुली, दोन इमारती, एक बोअर, तीन टाक्या, आणि संडासात रोज काहीतरी तुंबलेलं. कुठली ट्यूब गेली, टँकर कधी सांगायचा, आग विझवायच्या सिलिंडरची मुदत कधी संपते, हे सगळं पूर्वी माझ्या डोक्यात आणि एका पाण्याने फुगलेल्या वहीत असायचं. संस्थेच्या बीडच्या कार्यालयाला मात्र दर शनिवारी तक्ता लागायचा, तोही शुद्ध भाषेत.

चॅटबॉटला मी पहिलं काम दिलं ते नोटीस लिहायचं. मुलींनी पॅड संडासात टाकू नयेत, एवढंच सांगायचं होतं. माझ्या नोटिसा वाचून मुली हसायच्या. त्याने लिहिलेली इतकी अदबशीर होती की महिनाभर संडास तुंबला नाही. मग मी त्याला टाक्या भरायचं वेळापत्रक मागितलं. त्याने विचारलं, नळाला पाणी रोज किती वाजता येतं? मी लिहिलं, आठवड्यातून एकदा, आलं तर. त्याने दिलगिरी व्यक्त केली. पाण्याबद्दल माझ्याकडे दिलगिरी व्यक्त करणारा तो पहिलाच.

तेव्हापासून मी त्याच्यावर विसंबायला लागले. तो कधी कंटाळायचा नाही, आणि मी फार लवकर कंटाळते. विशेषतः मामांना.

मामा साठीला आलेले, अंगाने काटक. मोटार, बोअर, टाक्या, व्हॉल्व्ह, सगळं त्यांच्याकडे. लिहिता येत नसल्यामुळे ते शनिवारी सकाळी मोबाइलवर बोलून पाठवायचे. आठ-नऊ मिनिटं. त्यात आधी नमस्कार, मग चहा झाला का, मग गच्चीवरच्या कबुतरांनी सोलरवर केलेली घाण, मग जनरेटरमागे कुत्री व्यायली ते, पिलं किती, त्यातली पांढरी किती. कामाचं कुठेतरी मध्येच यायचं. मी दोन शनिवार नीट ऐकलं, नंतर त्यांचं बोलणं उचलून चॅटबॉटला द्यायला लागले. तो काही क्षणांत तक्ता करायचा: बाब, स्वरूप, तातडी. शिवाय मामांना पाठवायला एक उत्तरही लिहून द्यायचा. मी ते न वाचता चिकटवून पाठवायचे. दहा मिनिटांचं काम एका मिनिटात व्हायला लागलं आणि उरलेल्या नऊ मिनिटांत मी काय केलं ते मला आठवत नाही.

अपघात गुरुवारी सकाळी झाला. मुलींच्या आंघोळीची वेळ होती. मामांनी मोटार चालू करायला स्टार्टरच्या पेटीवर हात ठेवला आणि तो तिथेच चिकटून राहिला. मेसमधल्या बाईंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तेव्हा ते सुटून मागे कोसळले आणि वाचले. उजव्या हाताचा पंजा भाजला आणि भिंतीवर आदळून खांद्याचं हाड मोडलं. त्यांना बीडला दवाखान्यात नेलं. वायरमनने पेटी उघडली तर आत एका वायरचं आवरण झिजून ती पत्र्याला टेकलेली. बदलायला त्याला अर्धा तास लागला.

दुपारी संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "मॅडम, निष्काळजीपणा कोणाचा ते अहवालात स्पष्ट येऊ द्या. करार तसाही संपतोच आहे." आवाजात राग नव्हता. एखादा दिवा गेला तर बदला म्हणावं, तसं म्हणाले.

मी चॅटबॉटला मागचे सगळे तक्ते दिले, घडलेलं सांगितलं आणि अहवाल मागितला. तो चांगला लिहितो हे मान्य करायला हवं. 'संबंधित कर्मचाऱ्याने रबरी हातमोजे वापरलेले नव्हते. पेटीतील बिघाडाबाबत त्याच्याकडून तातडीची मागणी नोंदविली गेलेली नाही.' खोटं एकही अक्षर नव्हतं. हातमोजे आम्ही मामांना कधी दिलेच नव्हते, पण त्यांनी ते वापरले नव्हते हे खरंच होतं.

तातडीची मागणी नोंदवली गेली नाही, म्हणजे बिनतातडीची गेली होती की काय, असं मला वाटलं. मागच्या शनिवारच्या तक्त्यात शेवटची ओळ होती: 'मोटारीची पेटी, किरकोळ. कर्मचारी स्वतः लक्ष ठेवून आहे. तातडी: नाही.' मग मी मामांचं त्या शनिवारचं बोलणं काढलं आणि दार लावून पहिल्यापासून ऐकलं.

नमस्कार झाला, चहा झाला. कबुतरं झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या नळाची चावी झाली. पिलांपैकी एक मेलं ते झालं. मग मामा निरोप घ्यायला लागले आणि एकदम म्हणाले, "आन हां, एक ऱ्हायलंच बघा. त्या मोटारीच्या पेटीला हात लावला की जरा बारीक झटका बसतोय. दोन हप्ते झाले. पण काय न्हाई. मी बगतो. ठिवू का मंग?"

मी जवळच्याच चौसाळ्याची. आमच्याकडे माणूस स्वतःचं दुखणं असंच सांगतो. दुसऱ्याच्या कुत्र्याचं आधी, आपलं सगळ्यात शेवटी, दारातून निघताना, वर 'काय न्हाई' जोडून. माझे वडील छातीत कळ येत असताना आधी शेजाऱ्याच्या बैलाबद्दल बोलले होते, आणि आईने त्यांना तसंच उठवून दवाखान्यात नेलं होतं. 'काय न्हाई' ऐकून आईने चपला घातल्या होत्या. हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. चॅटबॉटने 'काय न्हाई' म्हणजे काही नाही असं धरलं. त्याला मी दोष देत नाही. तो चौसाळ्याचा नव्हता. मी होते, आणि मी ऐकलं नव्हतं.

यानंतर मी लगेच खरं लिहिलं असं नाही. दुसरा अहवाल मी स्वतः बसून लिहिला. 'कर्मचाऱ्याने मौखिक सूचना अन्य विषयांसोबत दिल्याने तिचे गांभीर्य लक्षात येऊ शकले नाही.' कोणाच्या लक्षात, ते त्यात नव्हतं. यातलं एकही वाक्य चॅटबॉटचं नव्हतं. त्याची भाषा मला येऊ लागली होती. तो अहवाल पिशवीत घालून मी शुक्रवारी बीडला गेले. आधी दवाखाना, मग कार्यालय, असा बेत होता.

मामा खाटेवर बसून डाव्या हाताने पोहे खात होते. शेजारी त्यांची सून होती. मला बघून ते उठायला लागले, तिने दाबून बसवलं.

"मुलींना पानी भेटतंय का?" मामांनी विचारलं.

"मिळतंय. मामा, तुम्ही मला पेटीचं सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं."

"आसं कसं मॅडम? तुमचं उत्तर आलतं की." ते सुनेकडे वळले. "दाव गं."

सुनेने मोबाइल पुढे केला. माझ्याच नंबरवरून गेलेलं होतं, शनिवारचं. 'आपण कळविलेल्या सर्व बाबींची नोंद घेण्यात आली असून आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.' मी ते तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

"लई चांगलं लिवता तुमी," मामा म्हणाले. "हिला दोनदा वाचाया लावलं मी."

मी मोबाइल सुनेला परत दिला. मामाच सांगत राहिले.

"झटका बसाया लागला तवापासून मी काठीनं बटन दाबीत व्हतो. बाभळीची, वाळल्याली. पेटीपशीच ठिवली व्हती. मंग तुमचं हे आलं. म्हणलं, वायरमन येऊन गेला आसंल, मी रानात गेलतो तवा. काठी दिली चुलीत."

"मला विचारायचं तरी, मामा."

"कावून इचारायचं? लिवून आलतं."

मला लाज वाटली. अशी की सुनेकडे बघवेना. मामांनी दोन आठवडे स्वतःला एका काठीने सांभाळलं होतं, आणि ती काठी मी त्यांच्या हातातून काढून घेतली होती, आभार मानून. त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं. सून मात्र माझ्याकडे बघत होती आणि तिला सगळं कळलं होतं.

निघताना तीच बाहेरपर्यंत आली. "मॅडम, करार वाढंल ना ओ?" तिने विचारलं. "मामांना घरी बसून जमायचं न्हाई."

मी कार्यालयात न जाता परत पाटोद्याची एसटी धरली. गाडीतच तिसरा अहवाल हाताने लिहिला, वहीच्या पानावर. पेटीला झटका बसतो हे मामांनी अपघाताच्या पाच दिवस आधी मला सांगितलं होतं. मी ते ऐकलं नाही. न ऐकताच कार्यवाही चालू आहे असं त्यांना कळवलं. त्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी पेटीला हात लावला. चूक माझी आहे, त्यांचा करार वाढवावा. एवढंच. अक्षर गाडीच्या हिसक्यांनी वेडंवाकडं झालं होतं. तसाच फोटो काढून सचिवांना पाठवला. चॅटबॉटला दाखवला नाही. त्याने तो सुधारला असता.

सोमवारी दुपारी उत्तर आलं. संस्थेच्या कागदावर, खाली सही.

'आपल्या अहवालाची नोंद घेण्यात आली असून आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे.'

हे वाक्य तिकडच्या चॅटबॉटने लिहिलं की तिकडच्या कारकुनाने, मला सांगता येणार नाही. त्याने फरकही पडत नव्हता. संध्याकाळी मामांचा फोन आला. आधी पाण्याची चौकशी केली, मग पिलांची. ठेवता ठेवता म्हणाले, "आन ते कराराचं काय आलं का काई? न्हाई, सहज इचारलं. काय न्हाई."

मंगळवारी पहिल्या एसटीने मी बीडला गेले. कार्यालय उघडायच्या आधीच बाकावर जाऊन बसले. सचिव आले, मला बघून थांबले.

"मॅडम, तुम्ही? आमचं पत्र मिळालं नाही का?"

"मिळालं," मी म्हणाले. "म्हणूनच आले."

करार वाढवल्याचा कागद सही होऊन हातात पडेपर्यंत मी त्या बाकावरून उठले नाही.