डांबर लावलेलं कार्ड

नव्वदच्या दशकात माझ्या धाकट्या भावाचं बारामतीत रेडिओ, टीव्ही आणि स्टॅबिलायझर दुरुस्तीचं दुकान होतं. मी चौथी शिकलेली. सर्किटमधलं मला काही कळत नव्हतं. माझं काम एकच, कार्डावरचा, म्हणजे आतले भाग बसवलेल्या सर्किटच्या तक्त्यावरचा, लेप काढायचा. ओल लागू नये म्हणून कंपनी कार्डावर वार्निश मारते. ते तसंच ठेवून डाग द्यायला, म्हणजे कथलाने सांधायला, गेलं की कथील धरत नाही, नुसता धूर होतो. म्हणून आधी मी तेवढ्या जागेवर थिनरचा बोळा ठेवायचे आणि वार्निश फुगलं की बांबूच्या काडीने उचलायचे. सुरी लावली तर खालची तांब्याची पट्टी उखडते. काम मला आवडायचं. खुरपणीपेक्षा बरंच होतं.

एका सकाळी भिगवणहून मासे धरणारं एक जोडपं स्टॅबिलायझर घेऊन आलं. भावाने झाकण उघडलं. आत सगळं काळंकुट्ट.

"हे काय केलंय, तात्या?"

"डांबर हाय," नवरा म्हणाला. "नावंला लावतो तसं. सारखं बंद पडत व्हतं. मला वाटलं ओल शिरती, म्हणून दोन हात दिलं."

"मी नको म्हणत व्हते," बायको म्हणाली. "पर ह्यांच्या हातात कुंचला आला की समोर माणूस बसला तरी रंगवत्याल."

"तू बसून बघ की."

मला हसू आवरेना. बाई मात्र लगेच कामाचं बोलायला लागली. त्यांनी फ्रीझर घेतला होता. त्याआधी मासळी काठावरच व्यापाऱ्याला द्यावी लागायची, तो म्हणेल त्या भावाने, कारण दुपारपर्यंत ती टिकत नसे. आता ती थंड ठेवून बाई स्वतः बारामतीच्या बाजारात आणणार होती. पण स्टॅबिलायझरशिवाय फ्रीझर लावला तर गावच्या कमी-जास्त होणाऱ्या लाइटीवर जळून जायचा.

"आज बी मासळी त्या व्यापाऱ्यालाच घालून आलो," ती म्हणाली. "हसत व्हता मेला."

त्या कंपनीचं नवं कार्ड मिळत नव्हतं. भाऊ म्हणाला, "आक्का, निघंल का हे? सगळीकडं थिनर चोळलं तर भागांवरचे आकडेबी पुसून जातील."

मी नवऱ्याला विचारलं, "हाताचं डांबर तुमी कशानं काढता?"

"राकेलनं. दुसरं काय?"

दुकानातल्या स्टोव्हमधलं रॉकेल मी वाटीत घेतलं आणि दुकानाच्या पायरीवर बसून जुन्या दात घासायच्या ब्रशने घासायला सुरुवात केली. बाई शेजारी बसून कापसाचे बोळे करून देत होती. डांबर सुटत गेलं, खालचं वार्निश आणि आकडे जागेवर राहिले.

"आक्का, गोरं व्हाया लागलं की!" ती ओरडली.

कार्ड उन्हात वाळवून आत दिलं. भावाने भिंग लावून बघितलं. "ओल न्हवतीच. ह्या एका भागाच्या पायाचा डाग सुटलाय."

"ऐकलं का?" बायकोने नवऱ्याला कोपर मारलं.

"पर डांबर लावल्यावर ओलबी आली न्हाय," तो म्हणाला.

त्या पायाभोवतीचं वार्निश मी काढलं, भावाने डाग दिला, वर नवं वार्निश मारलं. ते वाळल्यावर स्टॅबिलायझर चालू केला. काटा थरथरला आणि जागेवर उभा राहिला. बाईने टाळी वाजवली. नवऱ्याने ओझं उचलायला हात पुढे केला, तर तिने त्याला हातच लावू दिला नाही.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच मासळीची पाटी घेऊन आली.

"व्यापारी तराजू घिऊन उभा व्हता," ती म्हणाली. "म्हनलं, आज न्हाय. लई गोड बोलाय लागलाय आता."

आमच्यासाठी तिने फ्रीझरमधली एक मोठी चिलापी मासळी आणली होती. टेबलावर ठेवली तर वीट ठेवल्यासारखी वाजली. सुरी काही चालेना. मासळीचा बर्फ सुटेपर्यंत थांबलो आणि कालवण व्हायला दुपार कलली. भाऊ भूक लागली म्हणून कटकट करत होता. मग एकट्याने अर्धी चिलापी संपवली.