गेणबाचा ठिपका

सगळं गाव कॉम्प्युटरात होतं आणि गेणबा तेवढा नव्हता. आता याला काय म्हणायचं, सांगा!

झालं असं की कवठे येमाईच्या देवळापुढच्या मंडपात एका सकाळी पांढरी चादर ताणून बांधली होती. आत अंधार व्हावा म्हणून बाजूंनी ताडपत्र्या सोडल्या होत्या. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतली सायली नावाची मुलगी लॅपटॉप घेऊन आली होती. मूळची दौंडकडची, वरवंडची, त्यामुळं बोलण्यात शहरी आव नव्हता आणि कुणी मध्येच तोंड घातलं तरी तिला राग येत नव्हता. तिनं कळ दाबली आणि चादरीवर गाव उमटलं. रानांचे तुकडे, मधून ओढ्याची वाकडी रेघ आणि सगळीकडं बारके पिवळे ठिपके. जमिनीखालचं पाणी निळं दाखवलं होतं. जिथं गडद तिथं पाणी, जिथं फिकट तिथं बोंब.

"एकेक ठिपका म्हणजे एकेक घर," सायली म्हणाली. "जमीन किती, ऊस की कांदा, विहीर की बोअर, सगळं त्यात घातलंय. पाऊस कमी झाला की ठिपका विचार करतो. शेजाऱ्यानं बोअर घेतला की विचार करतो. ठिपक्यांनी जे ठरवलं त्यानं खालचं पाणी हलतं, आणि पाणी हललं की ठिपके पुन्हा विचार करतात."

"विचार करतो? मग तो आमचा ठिपका न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं आणि मंडप हसला.

मग जो तो उठून आपला ठिपका शोधायला लागला. सोसायटीचे माजी चेअरमन पोपटराव यांचा ठिपका ओढ्याकाठी ऐसपैस बसला होता. ते कौतुकानं त्याच्याकडं बघत राहिले. गेणबानं बायाबापड्यांतून वाट काढली आणि चादरीला नाक लावून विचारलं, "माझा कुठला?"

"शेती किती, आबा?"

"शेती न्हाई. घरामागं चार वाफं हायेत."

"मग नसेल तुमचा. यात फक्त शेतीवाली घरं घेतलीत."

गेणबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गेणबा म्हणजे कोण? पाणाड्या! विहीर असो का बोअर, मशीन लावायच्या आधी त्याला बोलावणं जायचं. पायातली पायताणं काढायची, सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडं, आणि रानातून सावकाश चालायचं. खाली पाणी असलं की नारळ हातावर उभा राहायचा. निम्म्या गावाचं पाणी गेणबाच्या तळहातानं दाखवलेलं, आणि या पोरीच्या गावात त्याला जागा नाही!

खरं सांगायचं तर गेणबाला राग कमी आणि नवल जास्त वाटत होतं. तो होताच तसला. नारळ उभा का राहतो, हे त्याला उभ्या जन्मात समजलं नव्हतं, आणि समजत नाही म्हणून गप्प बसेल तर तो गेणबा कसला? त्यानं नारळाऐवजी हातावर कवठ घेऊन बघितलं होतं, बटाटा घेऊन बघितला होता, बायकोचा पितळी तांब्यासुद्धा घेऊन बघितला होता. तांब्या पडून पोचा आला आणि घरात महाभारत झालं. त्याचा गुरू एवढंच म्हणायचा, "इचारायचं न्हाई, चालायचं." पण गेणबाला विचारल्याशिवाय चैन पडत नसे.

त्या गुरूच्या हाताखाली दोघं शिकले होते, हा गेणबा आणि राहू गावचा म्हाळू. आसपास तिसरा पाणाड्या नव्हता. गुरूनं दोघांना एक दंडक घालून दिला होता. दाखवलेल्या जागी पाणी लागलं की हातातला नारळ तिथंच फोडायचा आणि खोबरं वाटायचं. ज्यानं फोडला, जागा त्याची. मग त्या रानात आणि त्याच्या बांधाला लागून असलेल्या रानात दुसऱ्यानं पाणी बघायला हात उचलायचा नाही. दोघांनी हे इमानानं पाळलं. गेणबाचा एकच नारळ फोडायचा राहिला होता, तो त्यानं दाखवलेल्या पहिल्यावहिल्या जागेचा. बहिणीच्या, झुंबरबाईच्या विहिरीचा. तेव्हा नारळ वाण्याकडून उसना आणलेला, पाणी लागल्यावर तसाच नेऊन द्यावा लागला. गुरू चिडला होता, "न फोडलेला नारळ म्हंजी उघडी जागा!" पुढं ते सगळेच विसरले.

दुसऱ्या दिवशी गेणबा ग्रामपंचायतीत जाऊन सायलीसमोर बसला.

"मला त्यात घाल."

सायली हसली नाही. तिनं खुर्ची पुढं ओढली. "घालते. पण तुमचा ठिपका काय करतो ते मला सांगावं लागेल. एखाद्याचा बोअर लागला की पुढं काय होतं?"

"शेजारी बोलावतो."

"आणि तुम्ही त्याच्या रानात कुठनं चालायला सुरुवात करता?"

"ज्याचा लागलाय त्याच्या बांधाकडनं."

"का?"

इतक्या वर्षांत गेणबाला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि जगाला प्रश्न विचारत हिंडणाऱ्या या माणसानं स्वतःलाही विचारलं नव्हतं. "कारन तिकडं पाणी हाय हे ठावं असतं," तो म्हणाला. "एक जागा फेल गेली की लोक तोंड फिरवत्यात. मग माणूस आधाराच्या बाजूनं चालतो."

"आणि तिथं नारळ उभा राहतो?"

"राहतो! आईची आन. म्या बोट बी लावत न्हाई."

"मी खोटं म्हणत नाही, आबा."

गेणबा आपल्या तळहाताकडं बघत बसला. "मग ताई, नारळाला पाणी कळतं, का माझ्या हाताला शेजारचा बोअर कळतो?"

"खरंच माहीत नाही," सायली म्हणाली. "कॉम्प्युटरला त्याचं काही नाही. तुम्ही जागा कुठं दाखवता, एवढंच त्याला पाहिजे."

तिनं बराच वेळ टकटक केली. मग पडद्यावर एक लाल ठिपका आला. गेणबानं खुर्ची इतकी पुढं घेतली की सायलीला कोपर हलवायला जागा उरली नाही. "ह्यो मी?"

"हा तुम्ही. बघा आता."

वर्षं सरकायला लागली. लाल ठिपका या रानातून त्या रानात तुरुतुरु पळत होता. गेणबा खूश. "पळतोय बघ बेणं!" पण जिथं तो जाई तिथं बोअरच्या काळ्या खुणा उठत. एकीला खेटून दुसरी, दुसरीला खेटून तिसरी, ओढ्याच्या कडेकडेनं खालपर्यंत. काल मंडपात निळा रंग सगळीकडून हळूहळू फिका होत होता. आज ओढ्याकाठी त्याला भगदाड पडलं. भगदाड खाली सरकलं आणि अगदी शेवटचा एक पिवळा ठिपका विझला.

"हे कोण गेलं?" गेणबानं विचारलं.

"नावं नसतात यात. कुणाची तरी विहीर आटली."

नाव कशाला पाहिजे? ओढ्याच्या शेवटच्या वळणाखाली एकच विहीर होती. बहिणीची. नवरा गेल्यावर झुंबरबाई त्या विहिरीवर मेथी-कोथिंबीर काढून आठवडी बाजारात विकत होती. त्याच भाजीवर तिनं पोरं वाढवली, आणि पोरं लांब नोकरीला गेली तरी ती तिथून हलली नव्हती. आणि तिच्या बांधाला लागून वरच्या अंगाला रान होतं पोपटरावांचं. उद्या सकाळी त्याच रानात जागा दाखवायला येतो म्हणून गेणबानं पानसुपारी घेतलेली होती.

"मला काढ त्यातनं," तो म्हणाला.

सायलीनं काढलं. विहीर टिकली.

"आता दुसरा पाणाड्या घाल. माझ्यावाणीच."

विहीर आटली.

"आता असं कर, मला ठेव, पण त्या इहिरीच्या आसपास कुणीच हात उचलायचा न्हाई असं घाल."

सायलीनं तसं घातलं आणि पुन्हा पुन्हा चालवलं. एकदा विहीर टिकली, पुन्हा टिकली, मग एकदा आटली, मग पुन्हा टिकली.

"ह्ये काय? एक काय ते सांग की."

"सांगता येत नाही, आबा. पाऊस दर वेळी वेगळा पडतो, माणसं वेगळी वागतात. बहुतेक वेळा टिकते, एवढंच म्हणता येतं. हे भविष्य नाही. असं केलं तर काय होऊ शकतं, तेवढंच हे दाखवतं."

"त्येच तर कुणी सांगत न्हाई," गेणबा म्हणाला आणि उठला.

सकाळी तो पोपटरावांच्या रानात गेला तेव्हा पोपटराव बांधावर वाटच बघत होते. ऊस करपायला लागला होता, पानांची टोकं वाळली होती. माणूस काही वाईट नव्हता, पण डोळ्यांदेखत पीक जाताना कुणाचा जीव थाऱ्यावर राहतो? स्वतःच्या मनानं घेतलेले त्यांचे दोन बोअर कोरडे गेले होते. तेव्हापासून दाखवल्या जागेशिवाय मशीन लावायचं नाही, असं त्यांनी कानाला खडा लावून घेतला होता.

गेणबानं नारळ पिशवीतून काढला. पायताणं मात्र काढली नाहीत. खिशातली सुपारी त्यानं पोपटरावांच्या हातावर ठेवली.

"ह्ये काय?"

"म्या हितं चालनार न्हाई, पोपटराव. हितलं पाणी खाली झुंबरच्या इहिरीला जातं. हितं बोअर झाला की ती इहीर जाईल."

"कोण म्हणतं?"

"माझा ठिपका."

पोपटरावांनी त्याच्याकडं नीट बघितलं. म्हातारं बिघडलं की काय! "अहो, त्या पोरीच्या खेळापायी माझा ऊस जाळायचा? बहिणीसाठी करताय ते सरळ सांगा."

"बहिणीसाठी बी करतोय. पन म्या ह्ये बघितलंय."

"ठीक आहे. तुम्हीच एक पाणाडे नाही. राहूहून म्हाळूला आणतो. दुपारच्या आत आणतो." आणि त्यांनी तिथंच मोबाईल काढला.

म्हाळू येणार आणि म्हाळू चालणार. गेणबानं हे काल पडद्यावर बघितलं होतं. तो हातातल्या नारळाकडं बघत उभा राहिला. आत्ता या रानात चार पावलं टाकली तर हा उभा राहील का? शेजारी लागलेला एकही बोअर नाही, आणि झुंबरच्या विहिरीकडं पाठ करून चाललं तर आधाराला काही नाही. नारळाला पाणी कळतं का हाताला, हे ताडून बघायला याच्याइतकं चांगलं रान जन्मात मिळालं नसतं. तळहात अक्षरशः शिवशिवायला लागला. पण इथं नारळ पोपटरावांसमोर उभा राहिला असता तर झुंबरबाईची विहीर त्याच घटकेला गेली असती. गेणबानं मनाला आवर घातला, नारळ घट्ट धरला आणि बांध उतरून खालच्या रानात गेला.

झुंबरबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. भाऊ विहिरीच्या काठावर गेला, वाकला आणि नारळ दगडावर आपटला. पाण्याचा शिंतोडा तिच्या तोंडावर उडाला.

"आगं बया! दादा, कुणाचा बोअर लागला?"

"तुझी इहीर लागली."

"ती लागून जमाना झाला!"

"नारळ फोडायचा राहिला हुता."

दुपारी पोपटरावांच्या गाडीतून म्हाळू उतरला. उतरल्या उतरल्या त्यानं पायताणं काढली, नारळ हातावर घेतला, आणि त्याची नजर बांधापलीकडं विहिरीच्या काठावर गेली. तिथं करवंटीचे तुकडे होते आणि शेजारी गेणबा बसला होता. म्हाळू बांध उतरून आला.

"ह्यो कवाचा?"

"पयल्या जागेचा."

म्हाळूनं विहिरीचं जुनं बांधकाम बघितलं, दगडांवरचं शेवाळ बघितलं, आणि मग ताजं पांढरंशुभ्र खोबरं बघितलं. त्याला सगळं कळलं. कळलं नसतं तर तो गुरुभाऊ कसला! त्यानं खोबऱ्याचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला, पायताणं घातली आणि वर जाऊन पोपटरावांना सांगितलं, "या रानात माझा हात उठायचा न्हाई."

पोपटरावांनी दोघांनाही शिव्या घातल्या. "गेणबा, यापुढं तुम्हाला या गावात कोण बोलावतंय तेच बघतो!" असं ते बांधावरून सगळ्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. ते खोटं नव्हतं, आणि गेणबाला ते लागलंही. पण त्याहून जास्त त्याला वरचं ते रान खुपत होतं. चार पावलं टाकली असती तर कळलं असतं.

गाडी गेल्यावर झुंबरबाई त्याच्याशेजारी येऊन टेकली. वरचा सगळा तमाशा तिनं ऐकला होता. वाफ्यांत पाणी सोडलेलं होतं, मोटार चालू होती. तिनं वाकून विहिरीत बघितलं. पाणी खाली होतं, पण होतं.

"दादा, ऱ्हाईल का रं पाणी?"

पाणाड्याला हा प्रश्न नवा नव्हता. याचं उत्तर एकच असतं, छातीवर हात ठेवून, "ऱ्हाईल की!" आजवर गेणबानं सगळ्यांना तेच दिलं होतं. आत्ताही ते त्याच्या ओठांवर आलं होतं.

"बहुतेक येळा ऱ्हाईल," तो म्हणाला.

झुंबरबाईनं भावाच्या तोंडून असलं उत्तर कधी ऐकलं नव्हतं. मग तिनं उरलेलं खोबरं त्याच्या रिकाम्या तळहातावर ठेवलं आणि मोटार बंद करायला उठली.