विधवेकडे, सात वाजता

पिएरा कोल्नागी हातमोजे विकते. मिलानच्या भर फॅशनच्या वस्तीत, ब्रेराच्या एका गल्लीत तिचं दुकान. म्हणजे मालकाचं, पण मालक उगवतो तो नाताळात. उन्हाळ्यात हातमोजे कोण घेतं, असं विचारू नका. कधी काय घ्यावं हे ज्यांना कळत नाही, तेच तर मिलानला खरेदीला येतात.

बाई सरळ, बोलणं मोजकं, पण दर चार वाक्यांमागे ‘माझा तुल्लियो म्हणतो’ हे ठरलेलं. माझ्या तुल्लियोला भातात केशर कमी लागतं, माझ्या तुल्लियोला गर्दी सोसत नाही. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, नवरा घरी पेपर वाचत बसला असेल. तुल्लियोला जाऊन सहा वर्षं झाली होती. दुकानातल्या लोरेदानाने एकदा ‘म्हणायचे’ अशी दुरुस्ती करून पाहिली, तर बाईंनी संध्याकाळपर्यंत अबोला धरला.

अशा बाईला लेआर्को गेत्सीने बाहेर चला म्हणावं आणि तिने हो म्हणावं, ही दोन्ही नवलंच. लेआर्को पूर्वी ट्राम चालवायचा. आता परदेशी पाहुण्यांचे तांडे शहरभर फिरवतो आणि ते दमले की त्यांना हातमोज्यांत सोडून पिएराशी गप्पा मारत उभा राहतो. सोमवारी तो म्हणाला, “गुरुवारी संध्याकाळी एखादा पेला घेऊ या का? जागा मी कळवतो.” तिच्या तोंडून “येईन” निघून गेलं.

तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. हो म्हटलं ते कुणाच्या परवानगीने? नवऱ्याला काय सांगायचं? आणि गेलंच नाही, तर हा भिडस्त माणूस पुन्हा विचारणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. साठीला आलेल्या बाईला अशी विचारणा रोज होत नसते.

गुरुवारी ती माल काढायला आत गेली असताना फोन वाजला.

“सिन्योरा, लेआर्कोंचा फोन!” लोरेदाना ओरडली. “सात वाजता, विधवेपाशी.”

“कुठल्या विधवेपाशी?”

“ते नाही बोलले. की विधवेकडे म्हणाले? पाशी की कडे... मागे ट्रामची घंटा ठणाणत होती हो.”

“अगं, मग परत लाव ना!”

“लावला, उचलत नाहीत. एवढं काय घाबरता? कोपऱ्यावरच तर आहे एक.”

मिलानमध्ये रस्तोरस्ती हिरवे लोखंडी नळ उभे आहेत. त्यांचं पाणी कधी थांबत नाही. डोळ्याला खळ नाही, म्हणून आम्ही त्यांना विधवा म्हणतो. पिएरा जन्माची मिलानची, तेव्हा विधवा म्हटल्यावर तिला नळच दिसणार.

सातला ती कोपऱ्यावरच्या नळापाशी उभी राहिली. पाहुणे येऊन बाटल्या भरत होते. एकीने तर फोटो काढायला तिच्याच हातात फोन दिला. लेआर्कोचा पत्ता नाही. मग तिला वाटलं, पाहुणे फिरवणारा माणूस, तो नावाजलेली विधवा सांगणार. म्हणजे स्काला नाट्यगृहाच्या चौकातला पितळी नळ. पिएरा तिकडे धावली. तिथे एक कुत्रा पाणी पीत होता. ‘कडे’ म्हणाला असेल तर? कालव्याच्या काठी एका विधवाबाईचा बार होता, त्याला सगळे विधवेचा बारच म्हणत. पिएरा ट्राममध्ये चढली.

कालव्यावर हीऽ गर्दी. नटूनथटून आलेली पोरंपोरी हातात नारिंगी पेले घेऊन रस्त्यावर उभी. पिएरा कोपरं मारत बारपाशी पोचली.

“माझ्याकडे?” ऑलिव्हची बशी भरता भरता बारवाली म्हणाली. “बाई गं, मी कुणाला वेळ देते तेव्हा लक्षात ठेवते! बसा तुम्ही. तुम्हीही माझ्यासारख्याच एकट्या दिसता.”

“नाही हो,” पिएरा चटकन म्हणाली, “माझा नवरा आहे ना. असल्या जागी येत नाही तो.”

बोलून गेल्यावर तिलाच कसंसं झालं. नवरा आहे, तर मग ही एका परपुरुषाला शोधत का फिरतेय? आणि नाही, तर आत्ता बोललं कोण? तिला काही कळेना. लेआर्कोने चेष्टाच केली असणार, असं ठरवून ती पाय ओढत घरी निघाली.

इमारतीच्या दाराशी पायरीवर लेआर्को बसला होता, टाय बांधून.

“तुम्ही इथे?” ती उसळली. “मी स्काला झालं, कालवा झाला, सगळं पालथं घातलं! विधवेपाशी म्हणालात ना?”

“विधवेकडे म्हणालो.” तो धडपडत उठला. “तुम्हाला न्यायला घरी येतो म्हटलं असतं, तर उद्या गल्लीभर झालं असतं. लोरेदानाच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हटलं, तुम्हाला बरोबर कळेल.”

“काय कळेल?”

त्याने दाराशेजारच्या घंट्यांकडे बोट केलं. नावांच्या रांगेत तिच्या घंटीवर लिहिलं होतं : विधवा कोल्नागी. तुल्लियो गेल्यावर इथल्या रीतीप्रमाणे इमारतीच्या व्यवस्थापकाने नावाची पट्टी बदलली होती. पिएराने ती कधी वाचलीच नव्हती. आपल्याच घराची घंटी कोण वाजवतं?

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं कुणीही म्हणालं असतं. पिएराला हसू आलं नाही. शहरातल्या सगळ्या विधवा तिने धुंडाळल्या होत्या, आणि ह्या एकीचा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. टपालवाल्याला ठाऊक होतं, शेजाऱ्यांना ठाऊक होतं. ती मटकन पायरीवर बसली आणि रडू लागली. दफनाच्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.

“चुकलं माझं,” लेआर्को गोंधळून म्हणाला. “असला शब्द वापरायलाच नको होता.”

“शब्द बरोबर आहे,” ती म्हणाली. “मलाच माहीत नव्हता.”

“मग... मी जाऊ?”

“नको.” तिने त्याची बाही धरली. “माझं रडून होईपर्यंत थांबाल?”

“थांबतो की,” तो म्हणाला, आणि तिच्या शेजारी बसला.