बिनभोकाचं पदक
सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. मिरजगावातल्या चिंचेखाली बाबाजान कल्हईवाल्यानं पातेलं निखाऱ्यावर धरलं होतं. नवसागराची चिमूट पडली आणि पांढरा धूर उठला. धुरात चिंच दिसेनाशी झाली, मग समोरची घरं. कथलाचा थेंब फडक्याखाली फिरला आणि पातेल्यात चंद्र उतरल्यासारखा उजेड पसरला. ही १९४६ च्या जानेवारीतली गोष्ट.

बाबाजान अहमदनगरचे. वर्षातले आठ महिने ते कर्जत-जामखेडच्या गावांतून फिरत. त्यांच्या पेटीत तांब्याच्या तारेत ओवलेली पितळी पदकं असत. पेटी उचलली की आतून किणकिण येई. नगर शहराला साडेचारशे वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९४० साली, ही पदकं समारंभाला गावोगावहून आलेल्या लोकांना वाटली गेली. त्यांचा ठसा बाबाजानच्या वडिलांनी, शमशेरमियांनी कोरला होता. खाली किल्ला, वर आकाश. त्या आकाशात त्यांनी आपल्या मनानं काहीतरी कोरलं आणि कोणाला सांगितलं नाही. समारंभाआधीच ते वारले. बाबाजान तेव्हा जामखेडकडे फिरतीवर होते.

घरी एक पदक आलं होतं. बाबाजान परतले तोवर त्यांच्या आजीनं, मुबारकबीनं, त्याला भोक पाडून ते बाबाजानच्या मुलाच्या गळ्यात बांधलं होतं. नजर लागू नये म्हणून गावोगाव तेच झालं. पदक सरळ लटकावं म्हणून प्रत्येकानं भोक पाडलं ते वरच्या बाजूला, नेमकं आकाशात. युद्धात पितळ महागलं तेव्हा शहरातली उरलेली पदकं मुशीत गेली, ठसाही गेला.

अब्बांनी आकाशात काय कोरलं ते कळावं म्हणून बाबाजान भांडं फुकट कल्हई करून पदक मागून घेत. एखादं भोक जरा डावीकडे, एखादं उजवीकडे. काठाशी जे उरलं असेल ते जुळवत बसत. आतापर्यंत एक कमान जमली होती. बघणारे म्हणत चंद्रकोर. बाबाजानला ते पटत नव्हतं. त्यांचे अब्बा चंद्राकडे मान वर करून बघणारे नव्हते.

रंगुबाई तांब्या घेऊन आल्या तेव्हा बाबाजान पदकं पुसत होते.

"कल्हईवाले, कामं पडल्यात आन तुमी माळा ओवताय व्हय?" त्या म्हणाल्या. मग वाकून बघितलं. "अगंबाई! हा तर आमचा खंडोबा."

"खंडोबा कसा, आक्का?"

"आमच्या पोरानं, पुंजारामानं नगरास्नं आनलाय. हा बगा की जेजुरीचा गड. देव्हाऱ्यातल्या टाकांत बसवलाय."

बाबाजानचा हात थांबला. "त्याला भोक आहे?"

"देवाला भोक कोन पाडतंय?"

"मग वर काय आहे, गडाच्या वर?"

"आता दिसत न्हाई. रोज चिंच-राखेनं घासते मी. पन बोटाला लागतंय काहीतरी."

सहा वर्षं रोज चिंचेनं घासलेलं पदक. भट्टी लिंपायची ओली माती बाबाजाननी तळहातावर थापून गुळगुळीत केली आणि पुढे धरली. "आक्का, मी देवाला हात लावत नाही. तुम्हीच आणा, तुम्हीच दाबा."

"माती लागंल देवाला."

"परत धुवायचा. तांब्याचं काही घेत नाही मी."

"ते तुमी तसंही घेऊ नका," असं म्हणून रंगुबाई गेल्या आणि पदरात टाक घेऊन आल्या. मातीवर दाबून त्यांनी तो अलगद उचलला. बाबाजाननी माती कोवळ्या उन्हात तिरकी केली. कमान होतीच. पण मधोमध, तिच्या खाली, टिंबाएवढ्या दोन खाचा पडल्या होत्या.

"चांद हाय," रंगुबाई म्हणाल्या.

"चांदाला पाय नसतात." बाबाजान हसले. "हे शेपूट आहे, पंख्यासारखं. लक्का कबूतर. अब्बा गच्चीवर पाळायचे. दाणे मागायला हे खांद्यावर बसायचं."

"म्हंजे इतकी वर्सं मी तुमच्या बापाचं कबूतर पुजलं?"

"किल्ल्यासकट."

"ऱ्हाऊ दे. गडावर पाखरं असत्यातच. पन देव मी देनार न्हाई."

"मागत नाही. फक्त त्याला चिंच लावू नका."

रंगुबाईंनी जरा विचार केला आणि मान डोलावली. बाबाजाननी माती भट्टीच्या कडेला वाळत ठेवली आणि तांब्या निखाऱ्यावर धरला. पुन्हा पांढरा धूर उठला.

उद्या सकाळी रंगुबाई देव घासायला बसतील. बाकीच्या टाकांना चिंच-राख लागेल. खंडोबा नुसत्या पाण्यानं धुतला जाईल.